दिसामाजी काहीतरी ते लिहावे

कॉलेजात पाय ठेवल्या ठेवल्या कविता लिहायला लागलात, अभिनंदन! आता कोणीतरी शहाणा विचारेलच, ‘सध्या वाचतोयस काय?’ घाबरू नका. समर्थ रामदासांच्या नावावर सांगितली जाणारी ओळ त्याच्या तोंडावर फेका: ‘दिसामाजी काहीतरी ते लिहावे.’ आणि लगेच चहा मागवा, किंवा फोन आल्यासारखं करून बाहेर पडा. कारण पुढची ओळ ‘प्रसंगी अखंडीत वाचीत जावे’ अशी आहे. मी गेली २२ वर्षं पहिल्या ओळीवर काढली. दुसरीची गरज पडलेली नाही.

वाचनाने लिहिणं थांबतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या वर्षी जून ते सप्टेंबर त्याने पावसावर ११ कविता पाडल्या, माझ्याहून फक्त तीन कमी. दुसऱ्या वर्षी सरांनी त्याच्या हातात बालकवी दिले. झालं! ‘क्षणात येते सरसर शिरवे’ इथे पोरगं जे अडकलं ते अडकलंच. शिरवं म्हणजे नेमकी कसली सर, ती यायच्या आधी उजेड कसा होतो, हे बघायला श्रावणभर हॉस्टेलच्या गच्चीवर. वर्षभरात एक ओळ नाही. विचारलं तर म्हणतो, ‘आधी नीट बघतो.’ अरे, पाऊस काय बघायचा असतो? तो पडतो, आपण ‘सरी’ला ‘उरी’ लावायची आणि जेवायला जायचं. आता तो कुठल्याशा बँकेत आहे आणि वर्षाकाठी एखादी कविता लिहितो. चांगली असते म्हणे. मी वाचलेली नाही.

तरीही कोणी फारच मागे लागलं तर बहिणाबाईंना पुढे करा. हा हुकमाचा एक्का आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने आणि आप्तांनी गाणी उतरवून घेतली, त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणजे वाचन लागत नाही, सिद्ध झालं! जात्यावरची ओवी त्यांच्या कानात आणि हातात आयुष्यभर मुरलेली होती, हा तपशील मात्र आपण होऊन सांगू नका. तुमच्या घरी जातं नाही, पिठाची गिरणी आहे, हेही नको.

तुकोबांचं नाव मात्र टाळा. त्यांनी आपल्या हाताने घोटाळा करून ठेवलाय. स्वतःची हकीकत सांगताना ‘काही पाठ केली संतांची उत्तरे’ अशी सरळ कबुलीच देऊन टाकली आहे. दुसऱ्यांचं पाठ केल्याने मौलिकता जाते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

आता प्रकार निवडा. गझल दिसायला सोपी असते, पण सुरेश भटांनी नवशिक्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून पंचाईत केली आहे. वृत्त एकच पाळा, काफिया म्हणजे यमक सांभाळा, त्याच्या आधीचा स्वर जपा, शिवाय दोन ओळींचा प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. इतकं करायचं तर माणसाने सी.ए. का होऊ नये? त्यापेक्षा शेवटच्या ओळीत स्वतःचं टोपणनाव घाला आणि वर ‘गझल’ असं लिहा. वरचं वाचूनच लोक ‘वाह’ म्हणतात. मुक्तछंद तर आपल्यासाठीच आहे. कवी अनिलांनी तो रुजवला तेव्हा त्यालाही आतून लय होती असं ऐकून आहे. पण तेव्हा मोबाइल नव्हते. आता वाक्य लिहायचं आणि दर दोन शब्दांनी खालच्या ओळीवर जायचं. आईवर असेल तर एकेक शब्दाने.

दहावीला रसग्रहणापुरत्या ज्या कविता गाइडातून वाचल्यात तेवढी शिदोरी जन्मभर पुरते. टीका करायलाही वाचावं लागत नाही. अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची टर उडवली, पण त्यासाठी बिचाऱ्यांनी त्या कवींचं वृत्त, लकबी, लाडके शब्द सगळं घोटून आत्मसात केलं. केवढा हा खटाटोप! आपण ‘अनुभूती कमी पडते’ म्हणावं. कुठेही चालतं.

शेवटचं आणि कामाचं: संमेलनात कसं वागायचं. साहित्य संमेलनातला कविकट्टा असो की तालुक्याच्या गावचं गणेशोत्सवातलं कविसंमेलन, नाव पहिल्या दहांत घालून घ्या. आपली होईपर्यंत समोर बसून वही चाळा, मधूनमधून मान वर करून ‘क्या बात है’ म्हणा, मात्र टाळ्या आधी ऐकून घ्या, नाहीतर सूत्रसंचालकाच्या सूचनेला दाद जाते. माझी गेली आहे. तो जेवणाची व्यवस्था सांगत होता. कविता झाली की शाल घ्या, घड्याळ बघा, ‘शेवटची एसटी’ असं पुटपुटा आणि निघा. तुमच्या आधीच्यांनीही तुमच्या वेळी हेच केलेलं असतं, त्यामुळे मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

मागच्या वर्षी माझं नाव चुकून ४३वं लागलं. रात्री पावणेबारा. समोर खुर्च्या, आणि कडेला माईकवाला, वायरी गुंडाळायची वाट बघत. मी तरी पूर्ण म्हटली, नवीकोरी, आदल्याच रात्री लिहिलेली, बापाच्या भेगाळल्या टाचांवरची. खाली उतरलो तर तो पठ्ठ्या म्हणतो, ‘सर, ही परवा पलीकडच्या गावाला पण झाली होती.’

म्हटलं, ‘शक्य नाही, मी तिकडे गेलोच नव्हतो.’

‘तुम्ही नाही हो,’ तो माईक काढता काढता म्हणाला, ‘तिकडे एक मॅडम होत्या.’