गव्हावर ‘30-45-60’ फवारणी: कॅलेंडर पाहून तांबेरा थांबत नाही

“गव्हाला पेरणीनंतर 30, 45 आणि 60 दिवसांनी बुरशीनाशक मारा, तांबेरा फिरकणार नाही. डोस दुप्पट घ्या, काणीही जाते. दाणे भरताना मारले तर दाण्याला चमकही येते,” असा सल्ला दर रब्बीत मोबाइलवर फिरतो. तांबेरा म्हणजे पानांवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या आणणारा बुरशीजन्य रोग.

‘तिसाव्या दिवशी पहिली.’ तेव्हा पीक फुटव्यात असते. ज्यांच्या जोरावर दाणे भरतात ते ध्वजपान (सर्वांत वरचे, शेवटचे पान) आणि त्याखालचे पान अजून बाहेरच पडलेले नसते. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारे) खरे, पण ते फवारलेल्या पानातच टोकाकडे सरकते. नंतर येणाऱ्या पानांना त्याचा उपयोग नाही. मॅन्कोझेब हे दुसरे बुरशीनाशक तर पडले तिथेच राहते. पैसे गेले ते पुढे तशीही वाळणाऱ्या खालच्या पानांवर.

‘दिवस मोजले की पुरे.’ खरी गफलत इथे आहे. तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेकडच्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतात. तारीख ठरवून नाही. पानावर सहा-आठ तास दव टिकले आणि तापमान 15 ते 25 अंशांत राहिले, की आठ-दहा दिवसांत नव्या पुटकुळ्या फुटतात. म्हणून पोटरीच्या थोडे आधीपासून आठवड्यातून दोनदा शेतात फिरा. दाट पेरा, ओलसर कोपरा आणि ‘लोक-1’सारखे बळी पडणारे वाण आधी पाहा. पान बोटांनी चोळल्यावर नारिंगी-तपकिरी भुकटी लागली तर तांबेरा. काहीच लागले नाही आणि पान नुसते पिवळे असेल, तर नत्राची कमतरता किंवा साचलेले पाणी तपासा. पहिल्या पुटकुळ्या दिसताच फवारा. दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी, तीही वरच्या पानांवर नव्या पुटकुळ्या असतील तरच.

‘डोस दुप्पट.’ प्रोपिकोनॅझोल 25 ईसी (25 टक्के तीव्रतेचे द्रवरूप औषध) एकरी 200 मिली पुरते. बिघडते ते पाण्यात: लिटरला 1 मिली धरून 15 लिटरच्या पंपाने एकराला तेरा-चौदा पंप लागतात. सहा पंपांत एकर उरकला, तर औषध पडते अवघे 90 मिली. मग दोष औषधाला!

काणीचे, म्हणजे ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी करणाऱ्या रोगाचे, नावही त्या सल्ल्यात असते. ती बियाण्याच्या आतूनच येते. तिला बीजप्रक्रियाच (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणे) हवी, उभ्या पिकात फवारून ती जात नाही.

‘चमकेसाठी दाणे भरताना.’ प्रोपिकोनॅझोलच्या फवारणीपासून काढणीपर्यंत 30 दिवसांचे अंतर लागते. चीक घट्ट होऊ लागल्यावर तेवढे दिवस हातात उरत नाहीत, आणि तोवर पानांचे बरेचसे काम आटोपलेले असते.