नवरदेवाचा पाय मोडका

हौशी कवीने वृत्त शिकावं की नाही, यावर आमच्या डोंबिवलीच्या काव्यकट्ट्यावर दर महिन्याला भांडण पेटतं आणि बटाटेवडे आले की विझतं. एक गट म्हणतो, भावना महत्त्वाची, ती मोजूनमापून येत नाही. दुसरा म्हणतो, भावना काय, सगळ्यांनाच असतात. म्हणून सगळ्यांनी माईक धरायचा का? गझलवाले या भांडणात पडत नाहीत. आपण वाचत असताना ते मांडीवर नुसती बोटं मिटतात-उघडतात आणि शेवटी अगदी सौम्यपणे विचारतात, "अलामत कुठे गेली?" अलामत म्हणजे गझलेच्या यमकात शेवटपर्यंत सांभाळायचा स्वर.

मी भावनेच्या गटात, कारण त्या गटाला गृहपाठ नसतो. 'मन' आणि 'क्षण' हे तिथे यमक म्हणून खपतं. 'पाऊस' आला की मागून 'नको जाऊस' येतंच. तेही सुचलं नाही तर ओळ मध्येच तोडायची आणि पुढे तीन टिंबं द्यायची. टिंबांना टाळ्या हमखास.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि ताईचा फोन आला. "मृण्मयीची मंगलाष्टकं तू लिहायचीस. बाहेर लिहून घ्यायची तर कडव्याला पैसे मोजा, आणि घरात एवढा कवी पडलाय."

मुलीच्या मामाला नकाराधिकार नसतो. तरी मी म्हटलं, "मुक्तछंदात लिहितो."

"म्हणजे चाल नाही?"

"नाही."

"मग गुरुजी काय बातम्या वाचल्यासारखं वाचणार का रे?"

मी अभंगावर उतरलो. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, लघू-गुरूची, म्हणजे आखूड-लांब उच्चार मोजायची, कटकट नाही. ताई म्हणाली, "लग्न आहे, कीर्तन नाही." आणि फोन ठेवला.

आमच्याच मजल्यावर संस्कृतचे एक निवृत्त सर राहतात. त्यांना आनंद झाला. इतका, की मला शंका आली. त्यांनी कपाटातून कवी माधव जूलियनांची, मराठी वृत्तांचा अभ्यास मांडणारी 'छंदोरचना' काढली, पुसली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. या अभ्यासासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली माधवरावांना डी. लिट. दिली होती म्हणे. मला कट्ट्याने आजवर एक शाल दिली आहे, तीही फिरती.

"मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितातच," सर म्हणाले. "शाळेत पाठ केलं होतंत ना? 'आहे वृत्त विशाल त्यास म्हणती शार्दूलविक्रीडित.' एका ओळीत १९ अक्षरं. म, स, ज, स, त, त हे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे श्वास घ्यायचा."

गण लक्षात ठेवायचा मंत्र 'यमाताराजभानसलगम्'. हव्या त्या अक्षरापासून तीन अक्षरं उचलायची, गण तयार. 'यमाता' म्हणजे लघू-गुरू-गुरू, हा य गण. 'मातारा' तिन्ही गुरू, हा म गण. रचणारा माणूस थोरच. पण मध्यरात्री उठून बायकोने ऐकावं असं काही ते नाही. ती म्हणाली, "लग्न मृण्मयीचं आहे ना? मग तुम्हाला का झोप नाही?"

मृण्मयी मात्र गुणाची पोर. नाव गुरू-लघू-गुरू, ओळीच्या शेवटी ठेवली तरी शांत बसते. पहिली ओळ तिच्यामुळेच झाली:

जाते दूर अता सजून हसरी ही आमुची मृण्मयी

मोजून पाहा, १९ भरतात. यात 'अता' का, तर 'आता' मावत नाही. 'आमुची' का, याला मात्र उत्तर नाही. 'आमची' वृत्तात तितकंच नेमकं बसतं, पण 'आमुची' म्हटलं की ओळीला पितांबर नेसवल्यासारखं वाटतं. सरांनी टिकमार्क केली. ताईने नाही. "शुभकार्यात 'जाते' म्हणतात का कुणी? 'येते' म्हण." बदललं. 'येते दूर अता'. दोन गुरू गेले, दोन गुरू आले, वृत्ताचं काही बिघडलं नाही. अर्थाचं विचारू नका.

खरा घोळ जावयाने घातला. जावई अभिजित. अ, भि, जि, त: चारही लघू. आणि शार्दूलविक्रीडितात सलग चार लघू कुठेही येत नाहीत, फार तर तीन. म्हणजे अख्ख्या ओळीत मुलाला उभं राहायला जागा नाही. मी त्याला 'अभिजीत' केलं, तर त्याचाच मेसेज आला, "मामा, आधार कार्डावर ऱ्हस्व आहे." सर म्हणाले, "त्यात काय? 'त'चा पाय मोडा. 'अभिजित्'. मूळ संस्कृत रूप तेच. 'त' वेगळा मोजायचा नाही आणि 'जि' गुरू होतो." शास्त्राला धरून असेल, पण ताईला हे सांगायचं कोण? लग्नाआधी नवऱ्या मुलाचा पाय मोडला म्हणून? शेवटी ओळ अशी झाली:

आला हा अभिजित् वरात सजुनी, गाडी उभी राहिली

गाडी उभी राहण्याशी विवाहसंस्काराचा काही संबंध नाही, कबूल. बाराव्या अक्षरानंतर सात अक्षरं उरली होती. जुन्या संस्कृत कवींकडे ओळ भरायला च, वै, तु, हि होते. आमच्याकडे 'अता', 'जणू', 'असा' आणि अडल्या वेळी गाडी.

मुलाकडचे कुलकर्णी. लघू, लघू, गुरू, गुरू. हा क्रम या वृत्तात एकाच जागी मिळतो, दहाव्यापासून तेराव्या अक्षरापर्यंत. आणि श्वास बाराव्यावर. त्यामुळे:

आले थेट इथे दुरून कुलकर्णी मंडळी आपली

ही ओळ चालीत म्हटली की 'कुलकर' येतं, मग गुरुजी श्वास घेतात, मग 'णी मंडळी'. कुलकर हे निराळंच घराणं, आणि णी मंडळी त्यांच्याकडे उतरलेले पाहुणे. याला यतिभंग म्हणतात. डोंबिवली लोकलच्या चौथ्या सीटवर जसं अर्धं माणूस बाकावर आणि अर्धं हवेत असतं, तसे आमचे व्याही त्या ओळीत बसले होते. 'णी'ला ऱ्हस्व करून 'कुलकर्णि' म्हणावं तर त्यांचे थोरले काका भारी मानी. मुलाकडच्यांना लग्नात कुणी ऱ्हस्व करतं का?

ते पुण्याचे, हा आणखी एक पेच. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हे शाळेत शिकलेलो. पण मराठीत त्या अक्षरावर आघात यावा लागतो. पाप-पुण्यातल्या 'पुण्य'चा 'पु' गुरू, आणि पुण्याला गाडीने जातो त्या 'पुण्या'चा 'पु' लघू. 'तुझ्या'तला 'तु'ही तसाच. नियम मला पटला. पण मुलाकडच्या मांडवात उभं राहून पुणं लघू आहे असं म्हणण्याची माझी छाती झाली नाही. 'दुरून' म्हणून वेळ मारून नेली.

चौथ्या ओळीत मात्र देव भेटला. 'कुर्यात् सदा मंगलम्' मोजून पाहिलं आणि खुर्चीतून उठलोच. सात अक्षरं, बरोबर यतीनंतरची! 'गंगा सिंधु सरस्वती च यमुना' नंतर 'गोदावरी नर्मदा' येतं, त्याच मापाची. म्हणजे प्रत्येक कडव्यातली सात अक्षरं पूर्वजांनीच लिहून ठेवलेली. वारसाहक्काने इतकं मला कुणी दिलेलं नाही.

कट्ट्यावर हे सगळं सांगितलं तर भावना गटाने मला फितूर ठरवलं. एकाने कवी अनिलांचं नाव घेतलं, की त्यांनी मुक्तछंद रुजवला तो काय उगीच? दुसऱ्या गटाने लगेच ऐकवलं, की त्याच अनिलांनी पुढे 'दशपदी' आणली, मोजून दहा ओळींची. वडे लवकर मागवावे लागले.

मला विचाराल तर हौशी कवीने वृत्त शिकावंच. त्याने कविता चांगली होते की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही; तिसरी ओळ वर दिली आहे. पण वृत्त शिकलेला माणूस कमी लिहितो. पूर्वी ठाणं यायच्या आत माझी एक कविता हातावेगळी व्हायची. आता एका ओळीतला 'जणू' ठेवायचा की काढायचा यातच दादर येतं. मराठी साहित्याचं यात किती नुकसान झालं ते समीक्षक बघतील, श्रोत्यांनी मात्र आमच्या सौं.मार्फत समाधान कळवलं आहे.

दुसरं एक कारण मी कट्ट्यावर बोललो नाही. मनाचे श्लोक २०५ आहेत, सगळे एकाच भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे ओळीत चार य गण. आमची आजी शाळेत गेली नव्हती. तिला य गण ठाऊक नव्हता, पण भाकऱ्या थापताना ते श्लोक ती एकामागून एक म्हणत जायची, आणि एखादं अक्षर आम्ही गाळलं तर पीठाचा हात वर करून थांबवायची. माझ्या मुक्तछंदातल्या कविता मला स्वतःला पाठ नाहीत. वही विसरलो की मी कवी उरत नाही.

मंगलाष्टकं छापायला दिली. डीटीपीवाला मुलगा कर्तव्यदक्ष निघाला. त्याने 'अता'चं 'आता' केलं, 'आमुची'चं 'आमची' केलं, 'अभिजित्'चा पाय मोफत जोडून दिला. "काका, शुद्धलेखनाच्या लई चुका होत्या, सगळ्या काढल्या," म्हणाला. कागद हातात आला तेव्हा हॉलमध्ये सनईची कॅसेट सुरू झाली होती आणि मला मृण्मयीला बोहल्यावर न्यायचं होतं.

अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभा राहून मी एकेक अक्षर मोजत होतो. गुरुजींनी 'आता'तला 'आ' असा काही गिळला की तो लघूच झाला. 'अभिजित'चा 'जि' त्यांनी इतका लांबवला की मुलाने मान वर करून पाहिलं. 'कुलकर' आलं. मी डोळे मिटले. गुरुजींनी तिथे श्वास घेतलाच नाही. 'णी' पार करून 'मंडळी'वर जाऊन घेतला. अक्षता पडल्या. थोरले कुलकर्णी काका ताईला म्हणाले, "वा! आमचं आडनावसुद्धा घातलंत."

पंगतीत मी गुरुजींच्या शेजारी बसलो. म्हटलं, "गुरुजी, सगळं सांभाळून घेतलंत."

"अहो, वधूवरांची नावं वृत्तात बसतात कुठे? आपण बसवायची," ते जिलबी मोडत म्हणाले. "तुमची मधली दोन कडवी तेवढी गाळली हो. मुहूर्त टळत होता. कुणाच्या लक्षात नाही आलं."