बिनप्रवाशांचं स्टेशन कसं काढावं

भुयारी रेल्वेचं स्टेशन काढून नाव कमवायचं असेल, तर आधी प्रवाशांचा विचार डोक्यातून काढून टाका. गुरू करायचाच तर लंडनच्या ऑल्डविच स्टेशनला करा.

जागेसाठी एखादं नाटकगृह पाडा. तिथे १९०५ साली रॉयल स्ट्रँड थिएटर पाडलं होतं. मग दोन कंपन्यांच्या रेल्वेयोजना एकत्र शिवा आणि जे ठिगळ उरेल त्याच्या टोकाला स्टेशन बांधा. ३० नोव्हेंबर १९०७ ला ते उघडलं. गाडी जाणार कुठे? हॉबर्नला. मध्ये एकही स्टेशन नाही. पुढे वॉटर्लूपर्यंत नेऊ, असं मात्र अधूनमधून म्हणत राहा. मंजुरीही मिळवा. खणू नका.

नावाचा मोह धरू नका. मूळचं ‘स्ट्रँड’ हे नाव १९१५ मध्ये शेजारच्या स्टेशनाला गेलं. शेजारधर्म!

तिकीट खिडकी हवीच कशाला? १९२२ मध्ये ती बंद झाली आणि तिकिटं लिफ्टमध्येच मिळू लागली. लिफ्टच्या एका कोपऱ्यात छोटंसं खोपटं, आत लिफ्टवाला. तोच तिकीट फाडणार, तोच दार लावणार, तोच खाली नेणार. ‘मल्टिटास्किंग’चे वर्ग घेणाऱ्यांनी इथे नारळ फोडावा.

गर्दी हवी असेल तर गाड्या थांबवा. पहिल्या महायुद्धात इथल्या बंद फलाटावर नॅशनल गॅलरीची चित्रं ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मध्ये, गाड्या बंद झाल्या आणि बाँबहल्ल्यांपासून जीव वाचवायला लोक खाली उतरले. ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पंही बोगद्यात आली. ती मूळ ग्रीसची, म्हणजे परक्या घरात राहण्याची सवय होतीच. १९४६ मध्ये गाड्या सुरू झाल्या आणि पुन्हा शुकशुकाट!

दुरुस्तीची घाई नको. लिफ्ट १९०७ च्याच राहू द्या. त्या बदलायला तीसेक लाख पौंड लागतील असं कळेल, तेव्हा प्रवासी मोजा. रोजचे साधारण ४५० भरले. मग ३० सप्टेंबर १९९४ ला खुशाल कुलूप लावा.

आता कमाईला लागा. सिनेमावाल्यांना भाड्याने द्या; त्यांच्यासाठी खाली एक गाडीही उभी ठेवा. रिकामा फलाट दाखवायच्या सहली काढा. पाहुण्यांना जिन्यानेच उतरवा, आणि तिकिटाचा दर सांगताना अजिबात लाजू नका.