लिस्टिंग उचलली, साइटवर चिकटवली. गुगल का वर आणेल?

मराठवाड्यातल्या ॲप बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतो आहे. सार असं: ॲप प्ले स्टोअरवर असेल तर वेबसाइटसाठी वेगळं लिहू नका. लिस्टिंगचं, म्हणजे स्टोअरवरच्या ॲपच्या पानाचं, वर्णन, कीवर्ड, स्टार, स्क्रीनशॉट उचला, पानं बनवणाऱ्या टूलमध्ये टाका, मराठवाड्याच्या 76 तालुक्यांची 76 पानं काढा; पुढचं गुगल बघून घेतं. यातलं ‘लिस्टिंगचा डेटा वापरा’ एवढं खरं. बाकीचं एकेक घेऊ.

‘वर्णन जसंच्या तसं टाका.’ असं केल्याने दंड बसतो, ही भीतीही काही जण घालतात, तीही खोटीच. एकच मजकूर दोन ठिकाणी सापडला की गुगल त्यातलं सहसा एकच पान दाखवतं, आणि तुमच्या नव्या डोमेनसमोर प्ले स्टोअरचं पान मागे पडेल अशी आशा धरू नये.

खरी अडचण वेगळी आहे. स्टोअरवरचं वर्णन स्टोअरपर्यंत पोहोचलेल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. प्ले स्टोअरवर नावाला 30, छोट्या वर्णनाला 80 आणि मोठ्या वर्णनाला 4000 कॅरेक्टरची मर्यादा. ‘सोयाबीन’ डोळ्यांना चार अक्षरं, संगणकाला सात, कारण काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. त्यामुळे मराठी लिस्टिंग आधीच आक्रसते आणि शेवटी ‘सोपं, जलद, विश्वासार्ह’ एवढंच उरतं. हे शब्द कोणी गुगलवर शोधत नाही.

बाजारभावाचं ॲप घ्या. लातूरचा शेतकरी ‘आजचा सोयाबीन भाव लातूर’ असं टाकतो. तुमच्या ॲपचं नाव त्याला माहीतच नसतं. त्याच्यासाठीच्या पानावर हे हवं: भाव कोणत्या बाजार समितीचे, दिवसात केव्हा बदलतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर यांत फरक काय, आवक क्विंटलमध्ये की पोत्यांत, मोंढा बंद असेल त्या दिवशी काय दिसतं, रेंज नसताना ॲप उघडतं का. आणि आजचा दर तारखेसह मजकुरातच हवा. ‘दर पाहण्यासाठी ॲप डाउनलोड करा’ एवढंच लिहिलेल्या पानावरून माणूस मागे फिरतो.

यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा. पहिल्यात लिस्टिंगमधलं वाक्य, दुसऱ्यात त्यावरून माणूस विचारेल तो प्रश्न, तिसऱ्यात आकड्यासह उत्तर. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य साइटवर घेऊ नका. प्रश्न सुचत नसतील तर प्ले कन्सोलमधली, म्हणजे प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्यातली, दोन आणि तीन स्टारची परीक्षणं वाचा. पाच स्टारवाले ‘छान ॲप’ लिहून मोकळे होतात. दोन स्टारवाला नेमकं कुठे अडलं ते सांगतो, तेही त्याच्या शब्दांत.

‘कीवर्डचा रकाना कॉपी करा.’ ॲपलचा कीवर्ड रकाना फक्त त्यांच्या स्टोअरमधल्या शोधासाठी आहे. तो मेटा कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) चिकटवणं व्यर्थ, कारण तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं. त्यापेक्षा माणसं खरंच टाइप करतात ती नावं वाक्यांत आणा. शहरांची नावं बदलली तरी शोधणारे जुनंही नाव टाकतात. म्हणून छत्रपती संभाजीनगरसोबत औरंगाबाद आणि धाराशिवसोबत उस्मानाबाद एकेकदा यावं. मोंढा, मार्केट यार्ड, बाजार समिती यांचंही तसंच.

‘स्टोअरचे स्टार स्कीमात टाका, निकालात स्टार दिसतील.’ स्कीमा म्हणजे पानाची माहिती गुगलला कळेल अशी कोडमध्ये लिहिणं. हा सल्ला सगळ्यांत घातक. ॲपच्या रिच रिझल्टसाठी (स्टार, किंमत असं जास्तीचं दाखवणारा निकाल) गुगलला नाव, किंमत (मोफत असेल तर 0) आणि रेटिंग किंवा परीक्षण लागतं, हे बरोबर. पण दुसऱ्या साइटवरची रेटिंग गोळा करून स्कीमात भरू नये, असा त्यांचाच नियम आहे. पकडलं गेलं की मॅन्युअल ॲक्शन (गुगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई) येते आणि रिच रिझल्टची पात्रता जाते. स्टोअरचं रेटिंग सांगायचंच असेल तर साध्या वाक्यात, तारीख आणि स्टोअरच्या लिंकसह सांगा. प्रश्नोत्तरांच्या स्कीमाचंही आमिष दाखवतात. ऑगस्ट 2023 मध्येच गुगलने ती सोय सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटांपुरती मर्यादित केली.

‘76 तालुके, 76 पानं.’ फक्त तालुक्याचं नाव बदललेली पानं म्हणजे डोअरवे पानं, निव्वळ शोधातून माणूस ओढण्यासाठी काढलेली आणि गुगलच्या नियमांत न बसणारी. मार्च 2024 मध्ये घाऊक मजकुराविरुद्धचं धोरणही आलं. कारवाई झाली नाही तरी सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलवर कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’, म्हणजे पान पाहिलं पण शोधात घेतलं नाही, अशी रांग लागते. वसमतला हळदीचे दर देत असाल, जालन्याला मोसंबीचे, तर वेगळं पान जरूर करा. सांगण्यासारखं वेगळं काही नसेल तर जिल्ह्याच्या पानावर एक ओळ पुरते.

स्क्रीनशॉटमधल्या अक्षरांवर विसंबू नका. तोच मुद्दा पानावर मजकुरात लिहा आणि चित्राला ऑल्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) द्या. 1080 बाय 1920 ची पीएनजी तशीच चढवू नका. वेबपी या हलक्या प्रकारात करा, मोबाइलला पुरेल एवढी लहान करा, रुंदी-उंची कोडमध्ये लिहा. वरच्या पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र गरज पडल्यावरच उतरवणं) नको, नाहीतर पानाचा मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसणं अवघड होतं.

आता ‘आपोआप’चं. व्हर्जन, अपडेटची तारीख, किंमत, बदलांची यादी एवढंच आपोआप यावं. ॲपलची आयट्यून्स लुकअप ही सेवा ॲपच्या आयडीवर आणि देशाच्या कोडवर हे देते. प्लेसाठी स्वतःच्या खात्यातून डेव्हलपर एपीआय (प्रोग्रॅममधून माहिती मागवायची सोय) वापरा, किंवा फास्टलेन या ॲप स्टोअरवर चढवणाऱ्या साधनाच्या फोल्डरमधल्या फायली. स्टोअरचं पान खरवडणारी स्क्रिप्ट पानाची मांडणी बदलली की मोडते. डेटा साइट बिल्ड होतानाच, म्हणजे पानं तयार होतानाच, एचटीएमएलमध्ये उतरवा; ब्राउझरमध्ये नंतर मागवू नका. विनंती फसली तर जुनी प्रत ठेवून बिल्ड थांबवा, नाहीतर रिकामं पान छापलं जातं आणि तेच गुगल उचलतं.

पानाचा उपयोग होतोय का, हे तपासायला सर्च कन्सोलमध्ये ॲपचं नाव असलेले शोध गाळून उरलेले क्लिक बघा. साइटवरच्या प्ले स्टोअर लिंकला पानागणिक वेगळा रेफरर (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा, म्हणजे कोणत्या पानावरून किती इन्स्टॉल आले ते प्ले कन्सोलमध्ये दिसेल.