‘रावपुरेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जाहिरातीविना घर विकण्याबद्दल

नमस्कार रावपुरेकर,

जाहिरात न देता घर कसं विकावं, यावरच्या माझ्या लेखाखाली सहा ओळींच्या प्रतिक्रियेत आपण मला दोनदा ‘दलालांचा पोपट’ म्हटलंत. मुख्य मुद्दा एकदाच आला, तोही घाईत: बोर्ड न लावता, पोर्टलवर न टाकता ओळखीच्या दलालांकडून घर विकणारा मालक ‘डोळे मिटून भाव ठरवतो’ आणि पैसे घालवतो. मतभेद जरूर असावेत. पण बडोद्यात दस्तावेजांच्या कामात ज्याचे केस पिकले, त्याला पोपट म्हणण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला काय हरकत होती? भाव काढायची रीत त्यात दिली होती. असो, पुन्हा सांगतो.

पोर्टलवर दिसतो तो मागितलेला आकडा. सौदा कितीला पटला हे तिथे कोणी लिहीत नाही. त्यासाठी आपल्याच सोसायटीतल्या किंवा पोळातल्या (जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या) ताज्या तीन-चार विक्रींच्या इंडेक्स-२ च्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याच्या, नकला काढायच्या. त्याही डोळसपणे वाचायच्या. जंत्रीला, म्हणजे सरकारी दराला, चिकटून बसलेला आकडा बाजूला ठेवा, तो बहुधा खऱ्या किमतीपेक्षा कमी लिहिलेला असतो. ज्या खरेदीवर बँकेचं कर्ज आहे तिचा आकडा जास्त भरवशाचा, कारण घेणाऱ्यालाच कर्जासाठी दस्तात पूर्ण रक्कम हवी असते. १५ एप्रिल २०२३ ला जंत्री जवळपास दुप्पट झाली, म्हणून त्याआधीचे दस्त कोणी पुढे केले तर हातात घेऊ नका. वर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट. याला डोळे मिटणं म्हणत असाल तर बोलणंच खुंटलं.

पैसे खरे जातात ते बानाखतातल्या (विक्री ठरल्यावरच्या करारातल्या) एका तुकड्यात: ‘अथवा ते सांगतील त्या व्यक्तीच्या नावे’. हे शब्द राहिले की पहिला घेणारा दस्तावेज (अंतिम खरेदीखत) होण्याआधीच तुमचं घर वाढीव भावाने तिसऱ्याला देऊन मोकळा होतो. हा पहिला घेणारा कैकदा दलालाचाच माणूस असतो. (पोपट असतो तर हे लिहिलं असतं का?) तेवढा मजकूर खोडा, शेजारी दोघांच्या सह्या घ्या. बान्याचा (इसाराचा) चेक ज्याच्या खात्यातून, दस्तावेज त्याच्याच नावे.

आणि गिऱ्हाइकं आठवड्याला एक अशी बोलवू नका. दोन-तीन दलालांकडची सहा-सात मंडळी एकाच रविवारी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने. दाराबाहेर आधीच्यांच्या चपला दिसल्या की नंतर आलेला माणूस पाडून मागायला कचरतो. ऑफर लेखी, बुधवारपर्यंत. प्रत्येक दलालाला फोटो वेगळ्या कोनातून काढलेले द्या, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले तर कुणाकडून फुटले ते कळतं. महिनाभरात आपल्या किमान आकड्याला कोणी शिवलं नाही तर खुशाल जाहिरात करा. उलट्या क्रमाने हे जमत नाही. पोर्टलवर सहा महिने पडून असलेल्या घराबद्दल जो तो ‘काही भानगड आहे का?’ असंच विचारतो.

टीडीएसचा, म्हणजे किमतीतून आधीच कापायच्या आयकराचा, उल्लेख हवा होता, हे मान्य. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का कापतो आणि कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरतो. विकणाऱ्याने आपलं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, एवढं आधी पाहावं. नाहीतर कपात २० टक्क्यांवर जाऊ शकते. लेखात भर घातली आहे.

बाकीचं थोडक्यात. आपण काढलेला अशांत धारा: या गुजराती कायद्याखाली ‘अशांत’ ठरवलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, ती पेपरात पानभर जाहिरात दिली तरी लागते. मग ते माझ्या माथी का? ‘काळ्या पैशाचा धंदा’ या शेऱ्याला उत्तर द्यायची इच्छा नाही. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. कायदा जाहिरात दिली होती का, हे विचारत नाही.

राहता राहिलं आपल्या शेजारचं घर, जे म्हणे ‘पाच लाखांनी कमी’ गेलं. कशापेक्षा कमी? त्याच सुमारास तिथे दुसरं कुठलं घर कितीला गेलं, हे आपण लिहिलेलं नाही. इंडेक्स-२ ची नकल कुणालाही मिळते. काढा, त्यातला आकडा इथे टाका, आणि जमल्यास या खेपेला खऱ्या नावाने.