भूमिगत गटार म्हणजे पुराचा निचरा नव्हे

यंदाच्या पावसाळ्यात कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चिपळूण, खेड, महाड, राजापूर ही गावे बुडतात ती भूमिगत गटारे नसल्यामुळे, मोठ्या व्यासाची गटारे घालून पावसाचे पाणीही त्यांतच सोडावे, पूर चढला की मॅनहोलची झाकणे उघडावीत, म्हणजे दोन तासांत पाणी ओसरेल, सेप्टिक टाक्या बुजवाव्यात आणि तोवर पुराचा इशारा आला की त्या पूर्ण उपसून घ्याव्यात, निर्वात नळाने सांडपाणी ओढणाऱ्या व्हॅक्युमसारख्या परदेशी पद्धती हा निव्वळ ठेकेदारांचा धंदा आहे. असे संदेश रोज येतात आणि जातात. पण चिपळूणच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्या माझ्या काकांनी हा वाचून भर पावसात मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला बोलावले, आणि त्यांच्या सोसायटीने हीच मागणी नगरपरिषदेला लेखी द्यायचे ठरवले. त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

मुळात ही गावे नदीमुळे बुडतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी काही तासांत पायथ्याशी येते, चिपळूणच्या वाशिष्ठीत त्यात कोळकेवाडी धरणामार्गे कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी मिसळते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पुढे जायला वाट राहत नाही. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणकरांनी हे भोगले आहे. महाडला सावित्री आणि गांधारी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, खेडला जगबुडी. नद्या वेगळ्या, पण डोंगर, तीव्र उतार आणि खाडी सगळीकडे तीच. घरातले सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळाचा या पाण्याशी काहीही संबंध नाही.

आता झाकणे उघडण्याचा सल्ला. संदेशातला हा सर्वांत घातक भाग असल्यामुळे त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. एक चौरस किलोमीटर वस्तीत एक मीटर पाणी साचले, तर ते दहा लाख घनमीटर होते. 300 मिलिमीटर व्यासाचे गटार पूर्ण भरून सेकंदाला एक मीटर वेगाने वाहिले, तरी सेकंदाला सुमारे 70 लिटर पाणी नेते. म्हणजे तेवढे पाणी काढायला त्याला साडेपाच महिने लागतील. व्यास दुप्पट करून 600 मिलिमीटर केला, तरी चाळीस दिवस. आणि हा हिशेब गटार रिकामे आहे, त्याला उतार आहे आणि शेवटी पाणी पडायला खालची जागा आहे असे धरून केलेला आहे. पुरात यातले काहीच नसते. नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की प्रवाह उलटतो, आणि नळातले मैलामिश्रित पाणी ज्या घराचे शौचालय सर्वांत खाली असेल त्याच्या भांड्यातून वर येते. झाकण उघडल्याने पूर गटारात शिरतो आणि बाजारपेठेतले गटार वरच्या आळीतल्या न बुडालेल्या घरांचेही सांडपाणी अडवून धरते.

शिवाय उघडे मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एल्फिन्स्टन रोड परिसरात एक डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले असता उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी लवकर ओसरावे म्हणूनच ते झाकण काढलेले होते. एवढे घडूनही तोच सल्ला पुन्हा वाटला जात असेल, तर तो पुढे पाठवणाऱ्याने निदान ही घटना आठवावी.

पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून नेण्याची कल्पना जुनी आहे आणि आपल्या हवामानात ती बसत नाही. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या तांत्रिक संस्थेची 2013 ची मलनिस्सारण मार्गदर्शिका दोन्ही जाळी वेगळी ठेवायला सांगते. गटार आपोआप स्वच्छ राहावे यासाठी सुरुवातीच्या काळातल्या कमाल प्रवाहालाही सेकंदाला 0.6 मीटर वेग हवा, असा तिचा निकष आहे. पावसासाठी फुगवलेल्या नळात उन्हाळ्यात घरगुती सांडपाण्याची जेमतेम धार असते, तो वेग मिळत नाही आणि गाळ बसतो. पुरानंतर त्याच नळात लाल चिखलाचा थर येतो. तो काढायचा कोणी? जोराने पाणी मारून नळ साफ करणारे जेटिंग यंत्र वेळेवर मिळाले नाही की माणूस उतरवला जातो, आणि हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. योजना निवडतानाच सफाईचा विचार करायचा असतो, तो यासाठी.

सेप्टिक टाक्यांबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. आपल्याकडे ज्याला टाकी म्हणतात तो पुष्कळदा चिऱ्यांनी बांधलेला, तळ नसलेला खड्डा असतो. जांभ्याच्या भेगांतून त्यातले पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत जाते, आणि पुरात तर थेटच जाते. दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठीही खड्ड्याचा तळ भूजलाच्या कमाल पातळीच्या दोन मीटर वर असावा असा निकष आहे. खाडीकाठच्या वाडीत श्रावणात तो पाळता येणार नाही. पण यावरचा उपाय म्हणून इशारा मिळाल्यावर टाकी पूर्ण उपसणे म्हणजे घराचे नुकसान ओढवून घेणे आहे. जमिनीतले पाणी वर आलेले असताना 2000 लिटरची रिकामी प्लास्टिकची टाकी सुमारे दोन टन जोराने वर ढकलली जाते. चिऱ्याची टाकी जड असल्याने ती उचलली जात नसली, तरी तिला तळ असेल तर तो तडकतो, नळाचे सांधे निखळतात आणि चिखल आत येतो. काकांकडे आलेल्या टँकरवाल्याने झाकणाशेजारी पहार रोवून पाहिली, वीतभर खाली पाणी लागले, तेव्हा त्यानेच सांगितले, "काका, आत्ता उपसली तर टाकी उचलंल. मे महिन्यात बोलवा, आणि उपसून झाली की साध्या पाण्याने भरून ठेवा." संदेश लिहिणाऱ्यापेक्षा त्याला जास्त कळते.

व्हॅक्युम पद्धतीवरचा आक्षेप मात्र ऐकीव आहे. तिच्यात घरांचे सांडपाणी लहान खड्ड्यात जमते, झडप उघडते आणि निर्वात नळ ते मध्यवर्ती केंद्राकडे ओढून घेतो. नळ बारीक आणि उथळ असतात, त्यामुळे भूजल वर असलेल्या सपाट भागात चार-पाच मीटर खोल चर खणावे लागत नाहीत, आणि वीज बहुतेक एकाच केंद्राला लागते. आग्र्यात ताजमहालाजवळच्या वस्तीत ही पद्धत बसवलेली आहे. तिच्या अडचणी खऱ्या आहेत: झडपांचे सुटे भाग, प्रशिक्षित माणूस, आणि हवा घेणारा नळ पुराच्या पातळीच्या वर ठेवण्याची खबरदारी. सांडपाणी पंपाने ढकलणाऱ्या दाबाच्या पद्धतीत नळ तितकाच बंद असतो, पण घरोघरी पंप लागतो, आणि पुरात वीज जाते हे कोकणात कोणाला सांगायला नको.

म्हणूनच एका गावाला एकच पद्धत हा हट्टच चुकीचा आहे. उतारावरच्या आळ्यांना साधे गुरुत्वाचे गटार पुरेसे आणि स्वस्त आहे, फक्त त्यांचे पाणी बाजारपेठेतून खाली न नेता वरच्या वर वळवावे. सखल भागाला बंद नळाची, व्हॅक्युमची किंवा दाबाची, पद्धत घ्यावी आणि प्रत्येक जोडणीवर पाणी उलटे येऊ न देणारी एकेरी झडप बसवावी. विखुरलेल्या वाड्यांना तळ असलेल्या, गळती नसलेल्या टाक्या आणि उपसलेल्या मैल्यासाठी प्रक्रिया केंद्र लागते. नाहीतर टँकर तो जवळच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यातच रिकामा करतो.

सोसायटीने निवेदन द्यायचेच असेल, तर त्यात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्याशी प्रत्येक घराच्या शौचालयाची पातळी मोजून घ्या, ही पहिली मागणी लिहावी. दुसरी अशी की पंपगृहाचे विजेचे पॅनेल आणि जनरेटर लाल रेषेच्या वर बसवले नाहीत, तर निविदा काढू नये. झाकणे उघडण्याचा मुद्दा मसुद्यातून काढावा, असे मी काकांना कळवले आहे.