पेंग्विन धुणारे वेडे आणि आमची साळुंकी

आज सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेतून डोकं तापवून घरी आले. दोन चहा झाले तरी निवलेलं नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून पुढे सरकावं.

आमच्या बाकावर कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होतं. समुद्रात तेल सांडलेलं, आणि एक मुलगी टबात पेंग्विन धरून टूथब्रशने त्याच्या डोळ्यांभोवतीचा काळा चिकटा काढतेय. सगळे जरा गप्प झाले होते. तेवढ्यात एक काका (नाव घेत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत) म्हणाले, "धुऊन सोडतात आणि चार दिवसांत मरतातच ती. एवढ्या पैशात किती गरिबांची पोटं भरली असती!" झालं. सगळ्यांच्या माना डोलल्या. काकांपेक्षा त्या मानांचाच मला जास्त राग आला.

मी सात-आठ वर्षांची असेन. दांडिया बाजारात आमच्या वाड्याखाली फरसाणाचं दुकान होतं. रात्रीचा शेवटचा घाणा निघाला की तेलाची कढई मागच्या चौकात निवायला ठेवायचे. एकदा सकाळी त्यात साळुंकी पडली. आजीने तिला पदरात गुंडाळून वर आणलं. पितळी परात, नळाचं गार पाणी, कपड्यांची पावडर. आजी धुतेय, मी पाणी ओततेय. पिवळी चोच उघडी, आवाज मात्र नाही. तिच्या अंगाला ओव्याचा वास येत होता. आजही गाठिये खाताना मध्येच ती आठवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

म्हणजे काकांचं खरं? थांबा. खूप वर्षांनी कळलं की आम्ही सगळंच उलटं केलं होतं. तेलात भिजलेल्या पक्ष्याला आणल्याआणल्या धुवायचंच नसतं. पिसं चिकटली की आतली ऊब जाते, त्यात तो चोचीने पिसं साफ करताना तेल गिळतो. आधी त्याला ऊब द्यायची, पोटात काहीतरी घालायचं, अंगात जीव आला की मग धुवायचं. तेही कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाने, टबामागून टब बदलत. आणि शेवटी साबणाचा कणही राहता कामा नये, नाहीतर पिसांत पाणी शिरतं. आमची साळुंकी तेलाने गेली की आमच्या मायेने, कोण जाणे. हे लिहिताना हात जरा थबकला.

पण माहितगारांनी केलं तर काय होतं तेही ऐका. जून २००० मध्ये केपटाउनजवळ 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडालं, आणि नेमकं पेंग्विनच्या बेटांपाशी. जवळजवळ १९,००० पेंग्विन तेलात माखले. हजारो माणसं कामाला लागली, रोजची नोकरी करून येणारी, तुमच्याआमच्यासारखी. तेल न लागलेले आणखी १९,५०० उचलून ट्रकने पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. का? तर ते पोहत घरी येईपर्यंत बेटं साफ व्हावीत म्हणून! पीटर, पर्सी आणि पामेला अशा तिघांवर उपग्रहाने लक्ष ठेवलं होतं आणि लोक घरबसल्या त्यांची वाट बघत होते. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जगले. चार दिवसांत मरतात म्हणे!

हो, मान्य, सगळीकडे असं होत नाही. गिलेमॉटसारखे समुद्रपक्षी धुऊन, पायात कडी घालून सोडले तर बरेचसे थोड्याच दिवसांत मेले, असा अभ्यास आहे. आणि तेच आफ्रिकन पेंग्विन आता माशांविना उपाशी मरतायत, २०२४ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त ठरवलंय. बास, एवढं मान्य.

आता पैसे. अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन कंपनीचं 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा एकेका समुद्री ऑटरमागे (पाणमांजरच ते) ८०,००० डॉलरहून जास्त खर्च आला, हे सगळे चवीने सांगतात. पण तो पैसा एक्सॉनचा होता हो! सांडलं त्यांनी, भरलं त्यांनी. ऑटर धुतले नसते तर ती कंपनी आपल्या मंगळबाजारात येऊन खिचडी वाटणार होती का? गरिबांची आठवण आपल्याला नेमकी दुसरा कोणी काही चांगलं करत असतानाच कशी येते? लग्नात तीनशे ताटं वाया जातात तेव्हा नाही येत.

आणि काका, २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीच्या मगरी सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा त्यांना दोरीने बांधून नेणाऱ्या पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर कोण टाकत होतं? तुम्हीच. 'शाबाश बडोदा' असं लिहून. तेव्हा मगरीमागे किती खर्च आला ते विचारलंत?

जाऊ दे. काका वाईट नाहीत. स्वतःच्या हाताने मूठ मूठ दाणे घालतात रोज कबुतरांना.

साळुंकीचं एक सांगायचं राहिलं. ती गेली तेव्हा मी रडत बसले. आजी नाही रडली. मेलेली साळुंकी तळहातावर घेऊन तशीच जिना उतरली आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना तिने ती गल्ल्याशेजारी ठेवली. वरून मला फक्त दुकानदाराचं टक्कल दिसत होतं. आजी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण फार वेळ बोलली नाही. (एक्सॉन वाल्डेझनंतर अमेरिकेने १९९० मध्ये तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाची (तळाला आणि बाजूंनाही) सक्ती करणारा कायदा केला, तो वाचला तेव्हा मला आजीच आठवली.)

त्या रात्री कढईवर ॲल्युमिनियमची मोठी परात पालथी घातलेली होती, वर एक वीट. नंतर दुकान बंद होईपर्यंत रोज असायची. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.